मातीचा नमुना आणि अक्रोडाचा जिना

वास्तूच्या सर्व अवयवांत जिना हा अत्यंत अबोल, पण तितकाच कठोर अवयव होय. दार थोडे अरुंद झाले तर माणूस अंग चोरून आत जातो, खिडकी लहान झाली तर दिवा लवकर लावतो. परंतु जिन्याची एकच पायरी दोन बोटांनी चुकली, तर तिची शिक्षा चढणाऱ्याला तत्काळ मिळते. म्हणूनच प्रत्यक्ष बांधण्यापूर्वी जिना डोळ्यांपुढे उभा करून पाहण्याची धडपड वास्तुकारांनी फार प्राचीन काळापासून केली आहे. रोमन ग्रंथकार विट्रुव्हियस याने तीन, चार आणि पाच या भुजांचा काटकोन त्रिकोण जिन्याच्या आखणीसाठी उपयुक्त ठरविला होता. मात्र त्रिकोणाने चढण ठरते. जिना कोणत्या द्रव्याचा असावा, हे तो सांगत नाही.

या दुसऱ्या प्रश्नाची एक हृद्य कथा इटलीतील फ्लॉरेन्स नगरात घडली. पोप सातवा क्लेमेंट याच्या आज्ञेवरून मायकेलअँजेलोने तेथील सान लॉरेंझोच्या आवारात एका ग्रंथालयाचे काम हाती घेतले. वाचनालयाचे दालन उंचावर आणि प्रवेशकक्ष खाली, अशी रचना असल्यामुळे दोहोंना जोडणारा जिना अपरिहार्य होता. परंतु 1534 साली मायकेलअँजेलो रोमला गेला तो कायमचाच, आणि प्रवेशकक्ष जिन्यावाचून राहिला. पुढे ड्यूक कोझिमोच्या कारकीर्दीत काम पुन्हा सुरू करण्याचे ठरले, तेव्हा मूळ योजना काय होती हे फ्लॉरेन्समध्ये कोणालाच उमगेना. 1555 साली व्हासारीने पत्राने विचारणा केली असता, आपल्याला एक जिना स्वप्नात पाहिल्यासारखा आठवतो, असे या वृद्ध कलावंताने कळविले.

अखेर 1559 च्या आरंभी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, त्याने मातीचा एक लहानसा नमुना पेटीत घालून रोमहून अम्मानाती या वास्तुकाराकडे धाडला. अशा नमुन्याने केवळ कल्पनाच दाखविता येते, हे तो जाणून होता. म्हणून सोबतच्या पत्रात त्याने एक इच्छा स्पष्ट नोंदविली: जिना लाकडाचा, उत्तम अक्रोडाचा व्हावा, म्हणजे तो ग्रंथालयातील बाके, छत आणि दार यांच्याशी मिळून येईल. कोझिमोने मात्र पाषाणाचा निर्णय दिला. अम्मानातीने करड्या वालुकाश्मात तो जिना उभारला, आणि आज जगभरचे प्रवासी पाहतात तो हाच. मधली पायऱ्यांची रांग फुगीर, वळणदार. दोन्ही बाजूंच्या रांगा सरळ. आकृती मायकेलअँजेलोची, द्रव्य ड्यूकच्या पसंतीचे! मातीला आकार सांगता आला. अक्रोडाची ऊब आणि पावलाखालचा नाद मात्र तिला सांगता आला नाही.

यानंतरच्या काळात पायरीच्या मापांवर अधिक काटेकोर विचार झाला. पालादिओने 1570 च्या आपल्या ग्रंथात पायरीच्या उंचीला व रुंदीला मर्यादा घालून दिल्या. फ्रेंच वास्तुविशारद ब्लाँदेल याने 1675 पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या ग्रंथात एक सूत्र मांडले: पायरीच्या उंचीची दुप्पट आणि तिची रुंदी यांची बेरीज चोवीस फ्रेंच इंच, म्हणजे सुमारे 65 सेंटिमीटर, असावी. सपाटीवरील पाऊल जितके लांब पडते, तितकेच हे माप. मराठी मुलखातील जुन्या वाड्यांत भिंतीच्या जाडीत बसविलेले उभे, अंधारे जिने ज्यांनी चढले असतील, त्यांना या सूत्राचे मर्म गुडघ्यांनीच समजावलेले असते.

विसाव्या शतकात मातीची जागा गणकयंत्राने घेतली. इव्हान सदरलँड याने 1963 साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेत ‘स्केचपॅड’ नावाची आज्ञावली सादर केली. प्रकाशलेखणीने पडद्यावर रेषा काढावी, मूळ आकृतीत बदल केला की तिच्या सर्व प्रती आपोआप बदलाव्यात, अशी तिची किमया होती. पुढे 1975 च्या सुमारास चक ईस्टमन याने मूलगामी विचार मांडला: एकच वस्तू नकाशात, छेदात आणि दर्शनी चित्रात वेगवेगळी काढावी लागते व म्हणून चुका होतात; तर ती वस्तू तिच्या गुणधर्मांसह एकदाच यंत्रात वर्णावी, आणि चित्रे तिच्यातून निघावीत. हंगेरीतील ग्राफिसॉफ्ट या संस्थेने 1984 साली बाजारात आणलेली, पुढे ‘आर्किकॅड’ म्हणून ख्यात झालेली आज्ञावली, आणि 2000 साली अमेरिकेत आलेली ‘रेव्हिट’, ही या विचारसरणीचीच फळे होत. आता मजल्याची उंची तीन मीटर सांगितली, तर यंत्र क्षणात 187.5 मिलिमीटरच्या सोळा चढणी पाडून दाखविते. पायरीची रुंदी 250 मिलिमीटर धरल्यास ब्लाँदेलची बेरीज 625 भरते, आणि राहत्या घरांसाठी भारतीय राष्ट्रीय इमारत संहितेने घातलेली 190 मिलिमीटरची मर्यादाही पाळली जाते.

येथेच द्रव्याचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. पडद्यावर अक्रोडाचा जिना पाषाणाचा करणे, हा एका निमिषाचा खेळ आहे. पण ते द्रव्य केवळ रंगासारखे वरून फासलेले असेल, तर ती फसगत होय. समजा, काँक्रीटच्या सर्व चढणी सारख्या ढाळल्या. नंतर खालच्या व वरच्या जमिनीवर फरशी आणि तिचा थर मिळून 50 मिलिमीटर चढले, पायऱ्यांवर मात्र 20 मिलिमीटरचाच दगड बसला. मग पहिली चढण 157.5 मिलिमीटर उरते आणि शेवटची 217.5 होते. मधल्या पायऱ्यांनी पावलाला एक लय लावलेली असते. शेवटच्या पायरीशी ती लय मोडते आणि म्हातारे माणूस, कडेवर मूल घेतलेली आई किंवा डोक्यावर ओझे असलेला हमाल ठेचकाळतो. जाणता गवंडी प्रथम तयार जमिनीची पातळी विचारतो, ती यासाठीच. यंत्रातल्या जिन्यालाही जेव्हा दगडाची जाडी, सांधा, कडेचे नाक आणि खालचा थर यांसह वर्णिले जाते, तेव्हाच तो खरा नमुना ठरतो. एरवी ते सुंदर चित्र असते, इतकेच.

मायकेलअँजेलोच्या पेटीतील मातीला जे सांगता आले नाही, त्यातील पुष्कळसे आज यंत्र सांगू शकते: वजन, जाडी, खर्च, प्रकाशाची तिरीपसुद्धा. अक्रोड आणि पाषाण दोन्ही शेजारी उभे करून धन्याला दाखविता येतात. तरीही लाकूड की दगड, हा निर्णय कोणातरी माणसालाच घ्यावा लागतो, आणि त्याची जोखीमही माणसालाच वाहावी लागते. फ्लॉरेन्समध्ये तो निर्णय ड्यूकने घेतला. अक्रोडाचा जिना त्या एका पत्रातच राहिला, आणि वालुकाश्माच्या पायऱ्यांवर माणसे साडेचारशेहून अधिक वर्षे चढत-उतरत आहेत.