हैदराबाद कंटिंजंट

हैदराबादच्या निजामाच्या खर्चाने उभारलेली, परंतु ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली असलेली फौज. सामान्य वाचकाच्या मनात ही फौज आणि हैदराबादची तैनाती फौज यांची गल्लत होण्याचा संभव असतो. तैनाती फौज ही ईस्ट इंडिया कंपनीचीच असून तिचे मुख्य ठाणे सिकंदराबादला होते. तिच्या खर्चासाठी निजामाने १८०० च्या तहान्वये कंपनीस मुलूख तोडून दिला. कंटिंजंट मात्र नावाने निजामाची व व्यवहारात रेसिडेंटची होती. बीड जिल्ह्यातील मोमिनाबाद (सध्याचे अंबाजोगाई) हे तिच्या घोडदळाचे एक प्रमुख ठाणे. बोलारम, औरंगाबाद, जालना, हिंगोली, एलिचपूर (अचलपूर) व लिंगसुगूर ही तिची अन्य ठाणी होती.

उगम : खर्ड्याच्या लढाईत (१७९५) मराठ्यांकडून पराभूत झाल्यावर निजामाने कंपनीचा आश्रय घेतला आणि १७९८ मध्ये तैनाती फौज स्वीकारली. १८०० च्या तहाने, युद्धप्रसंगी कंपनीच्या मदतीस ६,००० पायदळ व ९,००० घोडेस्वार पाठविण्याचे बंधनही त्याच्यावर पडले. १८०३ च्या इंग्रज–मराठे युद्धात निजामाच्या या फौजेची कामगिरी कंपनीला समाधानकारक वाटली नाही. पुढे हेन्री रसेल या रेसिडेंटाने (१८११–२०) दिवाण चंदुलाल याच्या संमतीने कवायती पायदळ उभे केले. ते ‘रसेल ब्रिगेड’ या नावाने ओळखले जाई. त्यानंतर घोडदळाचीही पुनर्रचना होऊन ते ब्रिटिश अधिकाऱ्यांकडे सोपविण्यात आले. घोडदळाची पद्धत शिलेदारी होती; घोडा व सरंजाम स्वाराचा किंवा त्याच्या शिलेदाराचा असे, आणि स्वारीच्या जागेस म्हणजे असामीस पैशांत मोल असे.

महीदपूरच्या लढाईत (२१ डिसेंबर १८१७) ही ब्रिगेड होळकरांविरुद्ध लढली. जानेवारी १८१९ मध्ये तिने नांदेड भागातील हटकर नाईक नौसाजी याची नोव्हा (नवा) येथील गढी वेढा घालून काबीज केली. बीड भागात धर्माजी प्रतापराव याने १८१८ मध्ये केलेला उठावही औरंगाबादकडील रिसाला पाठवून मोडण्यात आला. परकीय आक्रमणापासून राज्याचे रक्षण हा या फौजेचा सांगितलेला हेतू असला, तरी प्रत्यक्षात तिचा पुष्कळसा काळ निजामाच्याच मुलखातील नाईक, देशमुख व जमीनदार यांचे बंड मोडण्यात गेला.

खर्च व कर्ज : या फौजेचा खर्च वर्षाला सु. ४० लाख रुपयांच्या घरात गेला. वसूल अपुरा पडे, पगार तुंबत आणि ते भागविण्यासाठी पामर कंपनीसारख्या पेढ्यांकडून जबर व्याजाने कर्जे काढावी लागत. सावकारांची देणी भागविण्यासाठी तालुके मक्त्याने व तारणाने दिले जात, आणि मक्तेदार आपली भरपाई रयतेकडून करून घेई. फौजेच्या खर्चाचा भार याप्रमाणे अखेर मराठवाडा, वऱ्हाड व तेलंगण येथील शेतकऱ्यावर पडला. चार्ल्स मेटकाफ याने रेसिडेंट असताना (१८२०–२५) पामर कंपनीच्या व्यवहारांना कडक विरोध केला. तथापि फौज कमी करण्यात आली नाही.

फौजेची बाकी थकत जाऊन निजाम कंपनीचाच ऋणको बनला. तेव्हा लॉर्ड डलहौसीने २१ मे १८५३ रोजी नासिरुद्दौला याजवर नवा तह लादला. त्यानुसार फौजेस ‘हैदराबाद कंटिंजंट’ हे नाव मिळाले. किमान ५,००० पायदळ, २,००० घोडदळ व ४ तोफखाने असे तिचे प्रमाण ठरले. आणि खर्चाच्या तारणादाखल वऱ्हाड, धाराशिव (नळदुर्ग) व रायचूर दुआब हे जिल्हे कंपनीच्या कारभाराखाली गेले. बीड निजामाकडेच राहिले, पण मोमिनाबादचे लष्करी ठाणे रेसिडेंटच्या अखत्यारीत होते.

१८५७ चा उठाव : मोमिनाबादहून औरंगाबादला आलेल्या पहिल्या घोडदळात जून १८५७ मध्ये असंतोष उफाळला. आपणास दिल्लीच्या बादशाहाविरुद्ध लढण्यास नेणार, अशी स्वारांची समजूत झाली होती. जनरल वुडबर्न याने पुण्याकडून सैन्य आणून हा उठाव दडपला. कॅप्टन ॲबट याजवर गोळी झाडणाऱ्या मीर फिदा अली या दफेदारास फाशी देण्यात आले. उरलेली कंटिंजंट मात्र कंपनीशी एकनिष्ठ राहिली. सर ह्यू रोझ याच्या मध्य हिंदुस्थानातील मोहिमेत (१८५८) तिच्या तुकड्या झांशी, काल्पी व ग्वाल्हेर येथे राणी लक्ष्मीबाई व तात्या टोपे यांच्याविरुद्ध लढल्या. या साहाय्याचा मोबदला म्हणून १८६० च्या तहाने धाराशिव व रायचूर दुआब निजामास परत मिळाले आणि सु. ५० लाखांचे कर्ज माफ झाले. वऱ्हाड मात्र परत मिळाले नाही.

विलीनीकरण : तिसऱ्या इंग्रज–ब्रह्मी युद्धातही (१८८५–८७) कंटिंजंटच्या तुकड्या लढल्या. ५ नोव्हेंबर १९०२ च्या कराराने वऱ्हाड सालीना २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने ब्रिटिशांकडे गेले आणि १९०३ मध्ये कंटिंजंट हिंदी सेनेत विलीन झाली. घोडदळातून २० वी डेक्कन हॉर्स, २९ वी लान्सर्स व ३० वी लान्सर्स या पलटणी आणि पायदळातून ९४ ते ९९ या क्रमांकांच्या पलटणी बनल्या. पहिल्या महायुद्धात या घोडदळाच्या तिन्ही पलटणी फ्रान्समध्ये होत्या. सोमच्या लढाईत १४ जुलै १९१६ रोजी २० व्या डेक्कन हॉर्सने हाय वुडनजीक भाले सरसावून हल्ला केला. पायदळातून १९२२ मध्ये १९ वी हैदराबाद रेजिमेंट झाली. १९४५ मध्ये तिला कुमाऊँ हे नाव मिळाले. तिच्या ज्या चौथ्या बटालियनचे मेजर सोमनाथ शर्मा यांना बडगामच्या लढाईतील (३ नोव्हेंबर १९४७) पराक्रमाबद्दल पहिले परमवीर चक्र मिळाले, तिचे मूळ वऱ्हाडातील सलाबतखानाच्या १७८८ मधील पलटणीत सापडते. डेक्कन हॉर्सचे रणगाडे १९६५ च्या युद्धात असल उत्तर येथे पाकिस्तानविरुद्ध लढले.

मोमिनाबादला पुढे निजामाचे स्वतःचे घोडदळ होते. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईत भारतीय सैन्य तेथे पोहोचले, तेव्हा तिसऱ्या गोवळकोंडा लान्सर्सने नाममात्र प्रतिकार करून शरणागती पत्करली.

मूल्यमापन : कंटिंजंटचे सैनिक शूर होते, याविषयी शंका नाही. परंतु आपल्या खर्चाची फौज आपल्या हुकमतीत नसेल, तर ती राज्याचे रक्षण न करता त्याचे स्वातंत्र्यच संपविते, याचे ही फौज ठळक उदाहरण होय. निजामाने सु. ९० वर्षे तिचा भार सोसला आणि त्याचे पर्यवसान वऱ्हाड कायमचे गमावण्यात झाले. ब्रिटिशांच्या भारतातील व ब्रह्मदेशातील युद्धांचा खर्च कोणी सोसला, या प्रश्नाचे एक उत्तर मोमिनाबादसारख्या ठाण्यांच्या इतिहासात मिळते.