आडा बाजार आणि मालेराव

राजवाड्याजवळच्या आडा बाजारातून आपण शेकडो वेळा गेला असाल. त्या नावामागची गोष्टही घरात ऐकलेली असेल. मालेरावांच्या रथाखाली वासरू मेले, अहिल्याबाईंनी मुलाला तीच शिक्षा फर्मावली, आणि रथापुढे गायच आडवी आली. ऐकताना ऊर भरून येतो. पण याच बाईंविषयी माळव्यात कधीकाळी दुसरीही कुजबूज होती: गादीसाठी तिने मुलाचा काटा काढला.

संशयाला जागा होती. १७५४ मध्ये कुंभेरीला खंडेराव पडले, २० मे १७६६ रोजी आलमपुरास मल्हारराव गेले. सुभेदारी मालेरावांकडे आली आणि वर्ष पुरे होण्याआधीच, १७६७ मध्ये, तेही वारले. गंगोबा तात्यांचा दत्तकाचा बेत बाईंनी मोडला आणि कारभार स्वतः हाती घेतला. लोकांना आणखी काय हवे?

चार वर्षे अंथरुणाला खिळलेला मुलगा गेल्यावर तिसऱ्या दिवशी दुकान उघडणाऱ्या एका बाईला ‘सुटली एकदाची’ म्हणणारे नातेवाईक मी माझ्याच दवाखान्यात ऐकले आहेत. दुकानाचे भाडे थकले होते, हे त्यांतल्या कुणाला ठाऊक नव्हते. खरे तर कुणी विचारलेच नव्हते.

जॉन माल्कमने मात्र विचारले. १८१८ नंतर माळव्यात असताना त्याने या कुजबुजीची चौकशी केली आणि १८२३ च्या आपल्या ग्रंथात बाईंना निर्दोष ठरवले. त्याने दिलेली हकिगत अशी. मालेराव ब्राह्मणांना द्यायच्या वस्त्रांत, जोड्यांत विंचू ठेवीत, आई रडे. पुढे घरातल्या दासीशी संबंध असल्याच्या संशयावरून त्यांनी एका कशिदा काढणाऱ्याला मारले. तो निरपराध निघाला आणि मालेरावांचे चित्त फिरले. मेलेल्याचे भूत लागले, असे लोक म्हणू लागले. म्हणजे या प्रकरणात चुकीचा संशय आधी मुलाने घेतला, आणि मग लोकांनी आईवर.

अडीचशे वर्षांपूर्वीच्या रोग्याचे निदान मी करणार नाही. पण आपण रथाची गोष्ट आवडीने सांगतो, कारण आपल्याला करारी राणी हवी असते. माल्कमच्या पानांत दिसणारी बाई निराळी आहे. ती रात्रंदिवस मुलाच्या उशाशी बसून त्या भुताची विनवणी करते आहे: तुझे देऊळ बांधते, तुझ्या घरच्यांना जहागीर देते, पण याला सोड.