प्रतिची पत्री

बैलाला पत्र्या मारायच्या तर आधी त्याला दोराने पाडावे लागते. चारही पाय बांधायचे, खूर तासून सपाट करायचा आणि लोखंडाची पातळ पत्री खिळ्यांनी ठोकायची. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन पत्र्या. वाळवा-तासगावकडच्या शेतकऱ्याने हे लहानपणापासून पाहिलेले. त्यामुळे 1943 साली एक अवघड नाव त्याच्या कानी आले, तेव्हा त्याने ते याच खिळ्यांवर बसवून घेतले.

नाव होते प्रतिसरकार. बेचाळीसच्या चळवळीतून क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. लाड, नागनाथ नायकवडी आदींनी सातारा जिल्ह्यात इंग्रजांना समांतर कारभार उभा केला. आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग तेव्हा साताऱ्यातच होता. न्यायदान मंडळे तंटे मिटवत, 'गांधी लग्ने' थोडक्या खर्चात लागत. 7 जून 1943 रोजी शेणोलीला पगाराची रेल्वे लुटली गेली.

'प्रति' हा संस्कृत उपसर्ग. प्रतिध्वनी, प्रतिपक्ष यांत शोभतो, पण एकटा चालत नाही आणि त्याला विभक्तीही लागत नाही. बोलणाऱ्यांनी त्यातला 'र' उचलून 'त'ला जोडला, झाली पत्री! गावगुंडांना, खबऱ्यांना प्रतिसरकारकडून तळपायांवर मार मिळे. मग हे सरकार माणसांच्या पायांनाही पत्र्या ठोकते, ही वदंता पसरायला कितीसा वेळ लागणार? ती शिक्षा खरी फटक्यांचीच होती, असे चळवळीतली मंडळी पुढे सांगत राहिली. पण नावानेच कथेला खिळे पुरवले होते.

व्याकरणही मजेचे. खुराची पत्री अनेकवचनात 'पत्र्या', तृतीयेत 'पत्र्यांनी'. 'पत्री सरकार'मध्ये मात्र ती गोठून विशेषणासारखी उभी राहते. प्रत्यय लागतात ते फारसीतून आलेल्या 'सरकार'ला: पत्री सरकारने, पत्री सरकारचा. हे सरकार नपुंसकलिंगी, म्हणून ते 'आले' एकवचनी. वाड्यावरचे सरकार 'आले' ते आदरार्थी बहुवचनी. रूप तेच, मान वेगळा!

पत्री आणि पत्रा, दोन्हींच्या मुळाशी संस्कृत 'पत्र'. त्याचा जुना अर्थ पंख, मग पान, मग पानासारखा पातळ धातू. पानाचा अर्थ गणेश चतुर्थीला अजून ताजा असतो. दूर्वा, शमी, माका, आघाडा अशी एकवीस प्रकारची पाने वाहिली, तरी या पत्रीच्या कधी 'पत्र्या' होत नाहीत.