कसोटीच्या काळातील प्रार्थना

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या जिल्ह्यांतील अनेक गावे जमीनदोस्त झाली. सास्तूरसारख्या गावांत दगडमातीच्या जाड भिंतींखाली माणसे गाडली गेली. हलक्या कुडाच्या झोपड्या मात्र बऱ्याच ठिकाणी तगल्या. मृत्यूचे कारण भिंतीत होते, पापात नव्हते. तरीही आपल्याकडे आपत्ती आली की ‘हे कुणाच्या पापाचे फळ?’ हा प्रश्न येतोच. कर्मविपाकाच्या सिद्धान्ताने अस्पृश्याला शतकानुशतके याच प्रश्नात अडकवून ठेवले. म्हणूनच, संकटात स्वतःच्या सुटकेआधी देवाचे गौरव मागणारी ख्रिस्ती प्रार्थना दलिताच्या बाजूने तपासून पाहणे मला अगत्याचे वाटते.

योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाची कथा आहे. हा कुणाच्या पापामुळे आंधळा जन्मला, असे शिष्य विचारतात. त्याच्याही नव्हे, आईबापांच्याही नव्हे, असे येशू सांगतो. देवाचे कार्य त्याच्या ठायी दिसावे, असे म्हणतो आणि लगेच त्याला दृष्टी देतो. पुढे त्या माणसावर सभास्थानातून बहिष्कार पडतो. बहिष्कार म्हणजे काय, हे आपल्याला समजावून सांगावे लागत नाही. त्याच शुभवर्तमानात मरण समोर दिसत असताना येशू सुटका न मागता पित्याच्या नावाचे गौरव मागतो. म्हणजे दुःख हे गौरव नव्हे. दुःखाच्या प्रसंगी माणूस काय करतो, त्यात ते दिसावयाचे आहे.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण घ्यावे. १८७४ च्या सुमारास दुष्काळात त्यांचे आईवडील गेले. देवळांना आणि ब्राह्मणांना दान देऊन हे कुटुंब निष्कांचन झाले होते. पुढे ख्रिस्ती झालेल्या रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळातून शेकडो मुली वाचवून केडगावला आणल्या. १९०५ मध्ये ‘मुक्ती’त प्रार्थनेची मोठी लाट उसळली, पण तेथे शेती, शिक्षण आणि छापखानाही चालत होता. प्रार्थनेने तेथे हात बांधले नाहीत.

मात्र सर्वत्र असे झाले नाही. धर्मांतरिताच्या स्थितीवर लिहिताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मिशनऱ्यांच्या शिकवणुकीवर नेमके बोट ठेवले. तुझ्या अवनतीचे कारण समाजव्यवस्था नसून तुझे पाप आहे, असे अस्पृश्याला शिकविले गेले. मग त्याने व्यवस्थेवर घाव का घालावा? जानेवारी १९३८ मध्ये सोलापूरला ख्रिस्ती समाजापुढे बोलताना, आपला समाज शिकलेला असूनही अन्यायाविरुद्ध चळवळ करीत नाही, असे त्यांनी सुनावले. फेब्रुवारी १९४१ मध्ये, आज धाराशिव जिल्ह्यात असलेल्या कसबे तडवळे येथे, महार-मांग वतनदारांच्या परिषदेला ते आले. वतनाच्या जाचाचे कारण पापात नव्हते, कायद्यात आणि गावगाड्यात होते. लढाही तेथेच द्यावयाचा होता.

आज दलित ख्रिस्ती माणसाची कसोटी याच मुद्द्यावर आहे. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती बाहेरच राहिले. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये ही धर्माची अट काढण्याची शिफारस केली. देव बदलला तरी गावाने जात विसरली नाही. कागदाने मात्र ती विसरली.

गौरव देवाचे असेल, तर ते जोहार घालून घेणाऱ्याचे असू शकत नाही, असा या प्रार्थनेचा अर्थ मला दिसतो. ती करणाऱ्याने सोसण्यालाच पुण्य मानू नये. कार्यकर्त्यांनीही तिला निव्वळ अफू म्हणून झटकून टाकू नये. प्रार्थनेनंतर माणूस कुठे जातो, अर्ज घेऊन कचेरीत जातो, मोर्चात जातो की मुकाट घरी बसतो, यावरून तिची पारख करावी.