दोन निगेटिव्ह, एक आभाळ : एचडीआरची जुनी गोष्ट

आजचा विषय एचडीआर, म्हणजेच हाय डायनॅमिक रेंज. मोबाईलच्या कॅमेऱ्यात ही अक्षरं आपण सगळ्यांनीच पाहिलीत. पण एकापेक्षा जास्त फोटो मिसळून एक फोटो करायचा, ही कल्पना कम्प्युटरच्या कितीतरी आधीची आहे. आणि तिचा एक मोठा धागा आपल्या मुंबईतून जातो.

आधी अडचण काय, ते बघू. यवतमाळ जिल्ह्यात महागाव तालुक्यातलं फुलसावंगी घ्या. मे महिन्याची दुपार. तुम्ही घरात उभे आहात, दारात आजी बसलीय आणि तिच्यामागे अंगणात रणरणतं ऊन. तुमच्या डोळ्यांना आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्याही दिसतात आणि अंगणातला कडुनिंबही. कारण नजर फिरते तसा डोळा जुळवून घेतो आणि मेंदू सगळं एकत्र बांधतो. कॅमेऱ्याला मात्र एका क्लिकला एकच एक्स्पोजर. चेहरा नीट आला तर अंगण पांढरंफटक, अंगण नीट आलं तर आजी काळी सावली. मग उपाय काय? कॅमेरा हलू द्यायचा नाही, कमी-जास्त उजेडाचे तीन-चार फोटो काढायचे आणि प्रत्येकातला चांगला भाग घ्यायचा.

हे पहिल्यांदा गाजवलं ते फ्रान्सच्या ग्युस्ताव्ह ल ग्रे यांनी, १८५७ च्या सुमारास. त्या काळच्या कोलोडियन काचेला निळा रंग फार लवकर लागायचा. समुद्र नीट येईपर्यंत आभाळ जळून जायचं, ढग गायब! ल ग्रे यांनी काही चित्रांसाठी आभाळाची एक निगेटिव्ह आणि समुद्राची दुसरी अशा दोन वापरल्या आणि क्षितिजाच्या रेषेवर त्या जोडून एकच प्रिंट काढली. यालाच कॉम्बिनेशन प्रिंटिंग म्हणतात. आता गंमत बघा, ते ढग त्याच लाटेवरचे असायलाच हवेत, असं कुठे होतं? दुसऱ्या दिवशीचे असले तरी बघणाऱ्याला काय कळणार?

हा प्रश्न मुंबईत जास्त टोकदार झाला. १८५४ मध्ये इथे फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. भाऊ दाजी लाडांचे बंधू नारायण दाजी यांच्यासारखे आपले लोकही त्या वर्तुळात होते. त्याच वर्तुळातल्या विल्यम जॉन्सन यांनी १८६३ ते १८६६ या काळात मुंबईतल्या जातीजमातींवर दोन खंडांचं सचित्र पुस्तक लंडनमध्ये काढलं. नागर ब्राह्मण, मेमन, प्रभू अशा एकेका समाजाचा एकेक फोटो आणि सोबत माहिती. लोक मोकळ्या जागेत उभे आहेत, मागे मुंबईचं दृश्य आहे, असं वाटतं. प्रत्यक्षात माणसांचे फोटो स्टुडिओतले आणि पार्श्वभूमी वेगळ्या निगेटिव्हवरची. दोन्ही जोडून एक चित्र केलेलं!

तंत्र तेच, जे ल ग्रे यांचं. पण काम बदललं. ल ग्रे यांचा ढग म्हणजे चित्राची शोभा. जॉन्सन यांचं पुस्तक मात्र 'हे लोक असे असतात, असे राहतात' असं सांगणारं. जोडलेलं चित्र पुरावा म्हणून वाचलं जाऊ लागलं. त्या काळात मुंबईकर कसे दिसायचे हे शोधताना आपण आजही याच फोटोंकडे जातो. तेव्हा कपडे बघा, पगड्या बघा, पण मागच्या जागेवर भरवसा ठेवू नका.

पुढे दादासाहेब फाळक्यांनी हेच मिश्रण उघडपणे चमत्कारासाठी वापरलं. 'श्रीकृष्णजन्म' (१९१८) मध्ये कंसाला स्वतःचं शिर धडावेगळं होताना दिसतं. प्रेक्षकांना ठाऊक होतं की हा खेळ आहे. इथे फसवणूक कुणाचीच नाही.

मग आला कम्प्युटर. १९९७ मध्ये पॉल डेबेवेक आणि जितेंद्र मलिक यांनी एका चर्चच्या आतले १६ फोटो घेतले. ३० सेकंदांपासून ते सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत, प्रत्येक फोटोत आधीच्यापेक्षा निम्मा उजेड. त्यातून कोणत्या बिंदूवर खरोखर किती प्रकाश होता, याचा नकाशाच त्यांनी तयार केला. म्हणजे हे मिश्रण सजावट नव्हतं, मोजमाप होतं! २००७ मध्ये टॉम मर्टेन्स आणि सहकाऱ्यांनी 'एक्स्पोजर फ्यूजन' मांडलं. त्यात प्रकाश मोजायची भानगड नाही. प्रत्येक फोटोतला स्पष्ट, रंगदार, नीट उजळलेला भाग निवडून थेट मिसळायचा. एन्फ्यूज हे मोफत सॉफ्टवेअर याच पद्धतीवर चालतं. २०१० मध्ये आयफोनमध्ये एचडीआर आलं आणि ट्रायपॉडचीही गरज संपली.

या गोष्टीत एक नाशिककरही आहे. नाशिकचे, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले रमेश रासकर. २००४ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी एकाच जागेचे दिवसाचे आणि रात्रीचे फोटो मिसळायची पद्धत मांडली. रात्रीच्या फोटोत दिवा दिसतो, पण इमारत कुठे आहे ते कळत नाही. दिवसाच्या फोटोतून तेवढा संदर्भ घ्यायचा. असा क्षण कधी घडलेलाच नसतो, तरीही चित्र जास्त सांगतं. मात्र ते दोन वेळांचं आहे, हे शोधनिबंधात आधीच सांगितलेलं आहे.

माझ्या मते फरक इथेच आहे. किती फोटो मिसळले यावर खरं-खोटं ठरत नाही. ते एकाच जागेचे, एकाच वेळेचे होते का, आणि नसतील तर बघणाऱ्याला सांगितलं का, यावर ठरतं. दारातल्या आजीचे तीन एक्स्पोजर मिसळले तर तुमच्या डोळ्यांनी पाहिलेलंच परत मिळतं. मागे दुसऱ्या गावचं आभाळ लावलं, की आपण जॉन्सन यांच्या वाटेला लागलो.

आज फुलसावंगीसारख्या गावांतली जुनी मातीची घरं पडतायत, सिमेंटची उभी राहतायत. तुम्ही आज काढलेला फोटो पन्नास वर्षांनी कुणाचा तरी पुरावा असणार आहे. म्हणून एचडीआर खुशाल वापरा, पण मिसळण्याआधीचे मूळ फोटो पुसू नका. सगळे एका फोल्डरमध्ये ठेवा, गावाचं नाव आणि तारीख लिहा. आभाळ बदललं असेल तर तेही लिहा. एका ओळीचं काम आहे, पण जॉन्सन यांचं पुस्तक चाळताना नेमकी तीच ओळ आपल्याला हवी असते.