कालवा, कालवं आणि शिडाचं जहाज

आमच्या सावद्याकडे कालवा म्हटलं की हतनूरचं पाणी आणि केळीचे मळे एवढंच डोळ्यासमोर येतं. कालव्यातून जहाज जातं, हे मला भूगोलाच्या पुस्तकानेच सांगितलं. आणि कोकणात 'कालवं' म्हणजे खडकाला घट्ट चिकटलेले शिंपले, हे तर पीएच.डी.ला लागल्यावर कळलं. समुद्राच्या पाण्यात तांब्याचे मिश्रधातू कसे झिजतात, हा माझा विषय. मागचे संदर्भ वाचताना लक्षात आलं की शिडाच्या जहाजांच्या इतिहासात कालवा आणि कालवं दोघांनाही मोठी जागा आहे. आज त्याचीच गोष्ट.

17 नोव्हेंबर 1869 ला सुवेझ कालवा सुरू झाला. आफ्रिकेला वळसा घालून मुंबई ते लंडन अंतर साधारण 19-20 हजार किलोमीटर होतं, ते 12 हजारांच्या आत आलं. आता एक प्रश्न. रस्ता एवढा जवळचा झाला, तर शिडाच्या जहाजांनाही फायदा व्हायला हवा होता ना?

झाला नाही. अरुंद कालव्यात शिडांवर जहाज हाकता येत नाही. त्याला दुसऱ्या बोटीने ओढून न्यावं लागतं, आणि त्याचे पैसे वेगळे. शिवाय तांबड्या समुद्राच्या उत्तर भागात वर्षातला बराच काळ वारा उत्तरेकडून येतो. म्हणजे सुवेझकडे जाणाऱ्याच्या थेट तोंडावर. आगबोटीला कोळसा मिळाला की वारा कुठला का असेना. त्यामुळे नकाशावरचा जवळचा रस्ता शिडाच्या जहाजाला महागात पडायचा. 'कटी सार्क' हे प्रसिद्ध चहावाहू जहाज स्कॉटलंडमध्ये पाण्यात उतरलं 22 नोव्हेंबर 1869 ला, म्हणजे कालवा उघडल्यानंतर अवघ्या पाच दिवसांनी! काही वर्षांतच चहाचा धंदा आगबोटींकडे गेला आणि ते जहाज ऑस्ट्रेलियाची लोकर वाहायला लागलं.

आता जहाजाच्या तळाकडे येऊ. लाकडी जहाज उबदार समुद्रात राहिलं की एक किड्यासारखा दिसणारा, पण शिंपल्यांच्या कुळातला जीव लाकूड पोखरतो. बाहेरून शेवाळ, बार्नॅकल, कालवं चिकटतात आणि वेग मंदावतो. यावर उपाय म्हणून तळाला तांब्याचा पत्रा ठोकत. तांबं पाण्यात अगदी हळूहळू विरघळतं आणि ते या जिवांना विषारी असतं. पण पत्राही झिजतो. म्हणून 1824 मध्ये हम्फ्री डेव्हीने तांब्याला लोखंडाचे किंवा जस्ताचे तुकडे जोडायला सुचवलं. तांब्याऐवजी ते तुकडे झिजतील, असा हिशेब. हिशेब बरोबर निघाला, तांबं वाचलं. पण विरघळायचं थांबल्यामुळे त्याचं विषही संपलं, आणि तळावर पुन्हा बार्नॅकल! मला हा प्रयोग फार आवडतो. सिद्धान्त बरोबर ठरला आणि जहाज मात्र मंदावलं.

पुढे 1832 मध्ये मुंट्झ नावाच्या कारखानदाराने साठ भाग तांबं आणि चाळीस भाग जस्त असं स्वस्त पितळ आणलं. कटी सार्कच्या तळाला तेच होतं. त्यातही एक खोड आहे. वर्षानुवर्षं खाऱ्या पाण्यात राहिलं की जस्त निघून जातं आणि मागे जाळीदार, ठिसूळ तांबं उरतं. पत्रा दिसायला शाबूत, पण जोर लागला की तुटतो. माझं काम नेमकं यावर आहे. घरी सांगते तेव्हा आई म्हणते, "म्हणजे कल्हईवाल्यासारखंच की!" खरंच, फार लांब नाही ते.

लांबच्या सफरीत मात्र कल्हईवाला दारावर येत नाही. 1872 मध्ये 'थर्मोपिली' जहाजाशी शर्यत चालू असताना हिंदी महासागरातल्या वादळात कटी सार्कचं सुकाणू तुटून गेलं. जहाजावरच्या हेन्री हेंडरसन या सुताराने जास्तीच्या लाकडांतून भर समुद्रात नवं सुकाणू बनवलं. शर्यत हरली, पण जहाज आठवड्याभराच्या फरकाने लंडनला पोचलं.

हे सगळं जुनं झालं असं वाटेल. पण शिडावर एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय, नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे, ऑगस्ट 2009 मध्ये मुंबईहून निघाले. त्यांची 'म्हादेई' गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेली. अशा प्रदक्षिणेत इंजिन किंवा ओढबोट लागेल असा कालवा चालत नाही. त्यामुळे सुवेझ नाही, पनामाही नाही, थेट केप हॉर्नला वळसा. मे 2010 मध्ये ते परतले. पुढे 2017-18 मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांची 'तारिणी' याच पद्धतीने निघाली, आणि परतीच्या वाटेवर हिंदी महासागरात तिच्या सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला. दुरुस्तीसाठी मॉरिशसला थांबावं लागलं. दीडशे वर्षांनी तोच महासागर आणि दुखणंही सुकाणूचंच.

आज खासगी शिडाच्या बोटी सुवेझमधून जातात, पण इंजिनावर, वाटाड्या सोबत घेऊन. म्हणून जाण्याआधी शिडांपेक्षा इंजिन तपासा, असं जुनेजाणते नावाडी सांगतात. आणि पंख्याच्या दांड्यावरचा जस्ताचा तुकडा बदलला का, तेही बघा म्हणतात. डेव्हीचा तुकडा अजून नोकरीत आहे!

सुवेझनंतर चारच महिन्यांनी, मार्च 1870 मध्ये, मुंबई-कलकत्ता रेल्वे जोडली गेली. आमचं सावदा स्टेशन त्याच वाटेवर आहे. लहानपणी तिथे केळीच्या वॅगन भरताना बघितल्या, तेव्हा रस्ता म्हणजे फक्त अंतर असं वाटायचं. आता गाडी थांबली की रुळांच्या कडेने हातोडी घेऊन चालणाऱ्या माणसाकडे आधी लक्ष जातं.