आधी खत, मग माणसं

नाऊरू हा देश नकाशात शोधायचा तर भिंगच घ्यावं लागेल. पॅसिफिकमधलं जेमतेम २१ चौरस किलोमीटरचं बेट. ऑस्ट्रेलियाने होडीतून येणारे निर्वासित इथे नेऊन ठेवले, हे आपण बातम्यांत वाचलेलं असतं. पण हेच बेट का? मला वाटतं, उत्तर फॉस्फेटमध्ये आहे.

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडने मिळून इथल्या फॉस्फेटचा धंदा ताब्यात घेतला. खत तिकडच्या शेतांना गेलं, इथे मधल्या पठारावर चुनखडीचे सुळके उरले. इतके, की बेट राहण्याजोगं उरणार नाही म्हणून साठच्या दशकात ऑस्ट्रेलियाने सगळ्याच नाऊरूकरांना क्वीन्सलंडजवळच्या कर्टिस बेटावर वसवायची तयारी दाखवली! आपला वेगळा देश राहणार नाही म्हणून त्यांनी १९६४ मध्ये नकार दिला आणि १९६८ ला ते स्वतंत्र झाले. मग काही वर्षं नुसती श्रीमंती. पुढे फॉस्फेट संपत आलं, पैसा भलत्याच गुंतवणुकींत बुडाला... असो.

ऑगस्ट २००१ मध्ये टाम्पा या नॉर्वेच्या मालवाहू जहाजाने बुडत्या होडीतून चारशेच्या वर माणसं वाचवली. बहुतेक अफगाणिस्तानातले हजारा. ऑस्ट्रेलियाने त्यांना उतरू तर दिलं नाहीच, वर जहाजावर सैनिक चढवले. कफल्लक नाऊरूशी थोड्याच दिवसांत सौदा झाला: पैसे घ्या, माणसं ठेवा. नाऊरूकरांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. दारात कर्ज उभं असताना कोण नाही म्हणेल?

ही छावणी २००८ मध्ये बंद झाली, २०१२ मध्ये पुन्हा उघडली. जुलै २०१३ मध्ये तर ऑस्ट्रेलियाने जाहीर केलं की होडीने येणारा खरा निर्वासित ठरला तरी त्याला आमच्याकडे कधीच वसता येणार नाही. (पन्नास वर्षांपूर्वी अख्खं नाऊरू आणून वसवायला निघालेला हाच देश बरं का!)

२०१४ मध्ये नाऊरूने पत्रकारांच्या व्हिसाची फी २०० वरून ८००० डॉलर केली. म्हणजे बघायला कोणी यायलाच नको. २०१८ पर्यंत तिथली काही मुलं खाणं, बोलणं सोडून नुसती पडून राहू लागली होती. त्यांच्यावर आणि स्थानिकांवरही मानसोपचार करणाऱ्या 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स'च्या पथकाला नाऊरू सरकारने त्याच ऑक्टोबरात बेटाबाहेर काढलं.